ओझे आणि दोन चाके



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. इतिहासाचा प्राध्यापक म्हटला की तो शिवछत्रपतींविषयी बोलणार, पेशव्यांविषयी बोलणार, गेला बाजार १८५७ विषयी तरी बोलणार. आणि मी तर सायकलवर ओझे कसे न्यावे, यावर बोलायला बसलो आहे! पण मंडळी, जरा विचार करा. लढाई तलवारीने जिंकली असे आपण शिकतो. त्या तलवारीच्या मागे दाणागोटा लागतो आणि तो दाणागोटा कुणीतरी वाहून न्यावा लागतो. बाजारपेठ व्यापाऱ्याने भरभराटीला आणली असे म्हणतात. तिथवर माल कुणाच्या तरी डोक्यावरून, पाठीवरून किंवा खांद्यावरून आलेला असतो. त्या वाहणाऱ्याचे नाव बखरीत नसते. म्हणून आज आपण राजाचा इतिहास बाजूला ठेवू आणि ओझ्याचा इतिहास पाहू.

माणसाने ओझे वाहण्याच्या मुळात तीनच जागा आहेत: डोके, खांदा आणि पाठ. आपल्याकडची बाई पाण्याच्या घागरीवर घागर रचून, डोईखाली चुंबळ ठेवून विहिरीवरून येते. ती चुंबळ म्हणजे साधे फडके दिसते. परंतु डोक्यावरचा भार एका बिंदूवर न पडता चोहोबाजूंनी वाटला जावा, ही युक्ती तिच्यात आहे. दुसरी युक्ती कावडीची. एका बाजूला एक घडा, दुसऱ्या बाजूला तितक्याच वजनाचा दुसरा. एकनाथमहाराजांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देवाने कावडीने पाणी भरले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. देवाला सुद्धा पाणी भरताना दोन्ही घडे सारखे भरावे लागले असतील. नाहीतर कावड एका अंगाला कलली असती! तिसरी युक्ती वंजाऱ्यांची. रेल्वे येण्यापूर्वी शेकडो वर्षे घाटवाटांनी धान्य आणि मीठ जायचे ते वंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बैलांच्या पाठीवरून. बैलाच्या पाठीवर गोणी आडवी टाकायची, दोन्ही कुशींना सारखा भार. वाणी किंवा भिक्षुक खांद्यावर पडशी टाकून निघायचा, तीही तशीच: पुढे एक कप्पा, मागे एक.

चुंबळ, कावड आणि गोणी. या तिघींनी आपल्याला तीन धडे दिले. भार पसरून घ्या, भार दोन्हीकडे सारखा वाटा, आणि भार अंगाला घट्ट धरून ठेवा, हिंदकळू देऊ नका. पुढे दोन चाकांचे यंत्र आले तेव्हा जगभरच्या लोकांना हेच धडे पुन्हा नव्याने गिरवावे लागले. ते कसे, ते आता सांगतो.

दोन चाकांच्या यंत्राची सुरुवात जर्मनीत झाली. कार्ल ड्राइस नावाचा एक गृहस्थ बाडेन संस्थानात वनखात्याचा अधिकारी होता. त्याने १८१७ च्या जून महिन्यात मानहाइम शहराबाहेरच्या रस्त्यावर एक लाकडी गाडी पळवून दाखवली. तिला एकामागे एक अशी दोन चाके होती. पायडल नव्हते, साखळी नव्हती. वर बसायचे आणि पायांनी जमीन मागे ढकलीत जायचे. त्याच्या आदल्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नव्हता. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ साली मोठा उद्रेक झाला, त्याची धूळ आकाशात पसरली, पिके बुडाली, चारा महागला. घोड्याला दाणा मिळेना म्हणून घोड्यावाचून चालणारे वाहन सुचले, असे काही अभ्यासक म्हणतात. ते खरे असो वा नसो, दाणा न खाणारे वाहन ही सायकलची ओळख तेव्हापासूनची आहे. तेवढी ओळख लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पुढे १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. मग वेग वाढावा म्हणून पुढचे चाक मोठे मोठे होत गेले. माणूस छातीएवढ्या चाकावर चढून बसायचा आणि मागे एक बारकेसे चाक लुटुलुटु चालायचे. या उंच सायकलवर काय नेणार? स्वार पडला नाही म्हणजे मिळवली! ती धष्टपुष्ट तरुणांची गंमत होती, कामाची वस्तू नव्हती. काम सुरू झाले ते १८८५ नंतर. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, माणूस मध्ये आणि जमिनीजवळ, मागच्या चाकाला साखळी. आज तुमच्या अंगणात उभी आहे ती हिचीच नात. त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १८८८ मध्ये, जॉन डनलॉप याने हवेचा टायर काढला. हा डनलॉप कोण होता, ठाऊक आहे? गुरांचा डॉक्टर! आपल्या लहान मुलाची तीनचाकी दगडांवर खडखडते, म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरून ती चाकावर बसवली. मुलाच्या सुखासाठी केलेली ही खटपट सगळ्या जगाच्या ओझ्याला उपयोगी पडली. कारण हवेचा टायर म्हणजे चाकाची चुंबळच होय. दगडाचा धक्का आधी हवा सोसते, मग चाक, मग माल आणि सगळ्यांत शेवटी माणूस.

आता माल ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. पहिली जागा सुचली ती हँडलवर. पिशवी हँडलला अडकवली की काम झाले, असे वाटते. पण हँडल म्हणजे सायकलचा लगाम. लगामालाच धोंडा बांधला तर घोडा वळेल कसा? पिशवी हेलकावा घेते, तिच्याबरोबर हँडल वळते आणि कधी कधी तिचा बंद पुढच्या चाकाच्या आऱ्यांत जाऊन स्वार तोंडावर आपटतो. विलायतेतल्या खाटीक, पाववाले आणि किराणा दुकानदारांना हा त्रास रोजचाच होता. दुकानचा पोरगा घरोघर माल पोचवायचा. त्यांच्यासाठी कारखानदारांनी निराळी सायकल काढली. तिचे पुढचे चाक लहान केले. लहान चाकामुळे वर जी जागा मोकळी झाली, तिथे मोठी टोपली बसवली. आणि खरी खुबी पुढेच आहे: ती टोपली हँडलला न जोडता सायकलच्या सांगाड्याला जोडली. हँडल वळले, चाक वळले, तरी टोपली जागची हलत नाही. भार सांगाड्याने धरला आणि लगाम मोकळा राहिला. मधल्या त्रिकोणात पत्रा बसवून त्यावर दुकानाचे नाव रंगवायचे, म्हणजे जाहिरातही फुकट!

डेन्मार्कच्या लोकांनी १९२० नंतर याच्याही पुढची पायरी गाठली. त्यांनी सायकल लांबवली. स्वार मागे, पुढचे चाक पार लांब आणि मध्ये जमिनीपासून वीतभर-दोन वीत उंचीवर एक सपाट फळी. या सायकलला ‘लाँग जॉन’ म्हणतात. माल दोन्ही चाकांच्या मध्ये, आणि तोही अगदी खाली. मोठमोठी खोकी, पिंपे तिच्यावरून शहरभर जाऊ लागली. आजही युरोपातल्या शहरांत त्याच घाटाच्या सायकलींवरून आईबाप मुलांना शाळेत सोडतात आणि आठवड्याचा बाजार आणतात.

आपल्या देशात सायकल आली ती साहेबाची वस्तू म्हणून. मग वकील, कारकून, मास्तर यांच्याकडे आली. बरीच वर्षे ती परदेशातूनच येई. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. मद्रासेत १९४९ साली टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अॅटलस, लुधियान्याला १९५६ साली हीरो, असे एकामागून एक कारखाने उभे राहिले. सायकल स्वस्त झाली आणि खेड्यात शिरली. ती शिरली तशी आपल्या लोकांनी तिला आपल्या कामाला जुंपली. नगरपालिकेचा बिल्ला लावलेली, २८ इंची चाकांची, काळ्या रंगाची ती डबल बारची सायकल वाडवडिलांच्या वेळची म्हणून अजून कित्येक घरांत असेल.

दूधवाल्याचेच बघा. त्याने कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे करून घेतले आणि त्यांत दुधाच्या किटल्या अडकवल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. ही वंजाऱ्याची गोणीच झाली, फक्त बैलाच्या जागी चाक आले. किटली कॅरिअरच्या वर ठेवली असती तर दूधही सांडले असते आणि सायकलही. शिवाय अनुभवी दूधवाला एका बाजूची किटली आधी रिकामी करीत नाही. घरे घेताना कधी या किटलीतले, कधी त्या किटलीतले दूध मापतो. त्याने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नसते, पण त्यातले तत्त्व तो रोज सकाळी आचरणात आणतो.

गोव्यात पाववाल्याला ‘पोदेर’ म्हणतात. पूर्वी तो घुंगरासारखा आवाज करणारी काठी आपटीत पायी फिरायचा. मग तो सायकलवर आला. मागे बांबूची मोठी टोपली, तिच्यावर प्लॅस्टिकचे कापड, आणि हातात पों-पों वाजणारा रबरी भोंगा. पाव हलका असतो, त्यामुळे टोपली उंच असली तरी चालते. म्हणजे ओझे कुठे ठेवायचे हे त्याच्या वजनावर ठरते, आकारावर नव्हे, हेही आपण पोदेराकडून शिकावे. मुंबईचे डबेवाले तर जगप्रसिद्धच आहेत. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हा धंदा सुरू केला आणि मावळ, खेड, जुन्नरकडची माणसे त्यात शिरली. स्टेशनातून लाकडी खोके डोक्यावरून न्यायचे आणि रस्त्यावर आले की डबे सायकलला लटकवायचे: काही हँडलला, काही कॅरिअरच्या दोन्ही अंगांना. डबा उपडा होता कामा नये आणि उशीर होता कामा नये. डोके, आगगाडी आणि सायकल असे तीन प्रकारचे वाहन एका डब्याच्या वाट्याला येते.

आता थोडे स्वतःचे सांगतो, कारण त्यातून एक तत्त्व कळेल. मी शाळेत असताना वडिलांनी मला दळण आणायला पाठवले. जोंधळ्याचे पोते आमच्या सायकलच्या कॅरिअरवर टाकले. पोते लांब, त्याचे अर्धे अंग कॅरिअरच्या मागे लोंबत होते. ओढ्याच्या चढाला मी पायडलवर जोर दिला, तशी सायकल घोड्यासारखी पुढच्या अंगाने उभी राहिली! मी एकीकडे, पोते दुसरीकडे आणि जोंधळा ओढ्यात. घरी काय झाले ते सांगत नाही. पुढे कॉलेजात आल्यावर एका विज्ञानाच्या प्राध्यापकमित्राने मला त्याचे कारण समजावले. मागच्या चाकाचा आस म्हणजे सी-सॉच्या फळीचा मधला टेकू समजा. भार त्या आसाच्या पुढे असेल तोवर तो दोन्ही चाकांवर पडतो. भार आसाच्या मागे गेला की तो मागे खाली दाबतो आणि पुढचे चाक उचलतो. पुढचे चाक हलके झाले की हँडल लटपटते, आणि चढ आला की ते उठतेच. तेव्हा पोते लांब असेल तर ते पुढे सरकवून, शक्य तो सीटला चिकटवून बांधावे. दोन लहान पोती करून दोन्ही बाजूंना लटकवली तर त्याहून बरे. फक्त पायडल मारताना टाच त्यांना लागत नाही एवढे पाहून घ्यावे.

तीच गोष्ट उंचीची. चालत्या सायकलचा तोल आपण हँडल किंचित इकडे तिकडे वळवून सांभाळीत असतो. भार खाली असला की ती हालचाल सोपी जाते. भार उंच रचला की चढताना, उतरताना, गर्दीत हळू चालवताना सायकल एकदा कलली की हाताला आवरत नाही. गवताचा उंच भारा घेऊन जाणारा शेतकरी पुष्कळदा सायकलवर बसत नाही, हँडल धरून चालत नेतो, ते उगीच नव्हे.

मंडळी, आता मी तुम्हाला इतिहासातल्या एका मोठ्या प्रसंगाकडे नेतो. तिथे हँडल धरून चालत नेलेल्या सायकलींनी एका साम्राज्याचा हिशेब चुकवला.

व्हिएतनामवर फ्रेंचांचे राज्य होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांनी स्वातंत्र्याची लढाई पुकारली. फ्रेंचांनी १९५३ च्या नोव्हेंबरात लाओसच्या सरहद्दीजवळ दिएन बिएन फू नावाच्या एका खोऱ्यात विमानांनी सैन्य उतरवून मोठा तळ उभा केला. चहूकडे डोंगर आणि दाट रान. त्यांचा होरा असा की, आपल्याला रसद विमानाने मिळेल. शत्रूला मात्र शेकडो मैल रानातून दाणागोटा आणि दारूगोळा आणणे जमायचे नाही. सेनापती व्हो न्ग्युएन झाप याने तो होरा खोटा पाडला. त्याच्यामागे मोटारट्रक होते, होड्या होत्या, तट्टे होती, आणि अडीच लाखांच्या घरात गेलेली हमाल माणसे होती. त्यांच्याबरोबर सुमारे वीस हजार सायकली होत्या. त्यांतल्या कित्येक फ्रेंच बनावटीच्याच! १३ मार्च १९५४ ला लढाई जुंपली आणि ७ मे १९५४ ला तळ पडला. त्याच वर्षी जुलैत जिनिव्हाला तह होऊन फ्रेंचांनी तिथून पाय काढता घेतला.

या सायकलींवर कुणी बसत नव्हते. सीटचा उपयोगच नव्हता. हँडलच्या एका टोकाला लांब बांबू बांधला होता, म्हणजे सायकलच्या बाजूने चालणाऱ्या माणसाच्या हातात तो लगामासारखा यावा. दुसरा बांबू सीटच्या नळीत उभा खोचला होता, त्याने ढकलायचे आणि आवरायचे. सांगाड्याला आणि पुढच्या चिमट्याला लाकडाचे, लोखंडाचे टेकू दिले होते. ट्यूब फाटू नये म्हणून जुन्या कपड्यांच्या चिंध्या तिच्याभोवती गुंडाळून मग टायर चढवीत. गोण्या मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी खालपर्यंत लटकवलेल्या. चढाला एकजण पुढून दोरीने ओढी, उताराला मागून दोरी धरून रोखी. सुरुवातीला एका सायकलवर शंभर किलो जाई. मग दोनशे झाले. काही पटाईत माणसांनी तीनशेच्या वर नेले.

बघा, आपले तीनही धडे तिथे हजर आहेत. भार दोन्हीकडे सारखा, भार खाली आणि चाकांच्या मध्ये, भार घट्ट बांधलेला. कावडीचा बांबू सुद्धा तिथे आहे, फक्त त्याला दुसरे काम दिले आहे.

पण यातली खरी किमया कळायला थोडे गणित करावे लागेल. गुरुजनहो, हे गणित वर्गात जरूर घाला. समजा, एक हमाल पाठीवर २५ किलो तांदूळ घेऊन निघाला. जायला पंधरा दिवस, यायला दहा दिवस. रोज त्याला खायला ८०० ग्रॅम तांदूळ लागतो आणि वाटेत दुसरे काही मिळत नाही. पंचवीस दिवसांत तो २० किलो खाईल. म्हणजे सैन्याला पोचले किती? अवघे ५ किलो. आता तोच माणूस सायकलवर २०० किलो घेऊन निघाला. खाणार तेवढेच, २० किलो. पोचले १८० किलो. माणूस तोच, वाट तीच, भूक तीच. पण पोचलेले धान्य छत्तीस पट! मी घेतलेले आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, परंतु हिशेबाची रीत खरी आहे. सायकल दाणा खात नाही, हे मघाशी सांगितले ते इथे उपयोगी पडले. फ्रेंचांनी हमालाचे गणित मांडले असेल. सायकलचे मांडायचे राहिले.

पुढे अमेरिकेशी युद्ध झाले तेव्हाही हेच दिसले. हॅरिसन सॅलिसबरी हा अमेरिकन पत्रकार हनोईला जाऊन आला. १९६७ साली त्याने सिनेटच्या समितीपुढे सायकलींचे महत्त्व सांगितले, तेव्हा मग पुलांऐवजी सायकलींवरच बाँब का टाकीत नाही, अशा अर्थाचा प्रश्न सिनेटर फुलब्राइट यांनी विचारला. ऐकणारे हसले. पण पूल एका जागी असतो, त्याचा नेम धरता येतो. वीस हजार सायकलींचा नेम कसा धरणार?

युद्धाची कथा झाली. आता शांततेची एक कथा सांगतो. मला ती त्याहून मोलाची वाटते. तमिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा कोरडवाहू जिल्हा आहे. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. तिच्या चालकांनी बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचे ठरवले. आधी लोकांनी नावे ठेवली, टिंगल केली. पण हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया, शिक्षिका, सगळ्या. आणि सायकल आल्यावर त्यांनी काय केले? पाण्याचे भांडे डोईवरून काढून कॅरिअरवर ठेवले. पोराला पुढे बसवले. शेतातला माल गावात विकायला नेला. एस.टी.ची वाट पाहण्यात आणि बापाला, नवऱ्याला, भावाला ‘सोडायला चला’ म्हणण्यात जाणारा वेळ वाचला. पी. साईनाथ यांनी यावर लिहिलेला लेख पुढे हिंदीच्या पाठ्यपुस्तकातही आला. बिहार सरकारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. सायकलने पोत्यांच्या बरोबरीने आणखीही एक ओझे हलवले. दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचे ते ओझे, श्रोतेहो, तराजूत घालता येत नाही.

पण इतिहास सांगणाऱ्याने नाण्याची दुसरी बाजू लपवू नये. झारखंडात कोळशाच्या खाणींच्या आसपास एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे. माणूस सायकलवर दोनशे-दोनशे किलो कोळसा लादतो आणि चाळीस-पन्नास किलोमीटर ढकलीत शहराकडे नेतो. सांगाड्याला जादा नळ्या जोडलेल्या, पोती दोन्ही कुशींना. सगळी युक्ती दिएन बिएन फूची आणि वंजाऱ्याची. परंतु तिथे स्वातंत्र्याचा जयघोष नाही. पोटासाठी चाललेली ती ओढाताण आहे. घाटात त्या माणसाच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगतात, उताराला सायकलच त्याला ओढू लागते. यंत्र दोनशे किलो नेऊ शकते, म्हणून माणसाने रोज दोनशे किलो ढकलावे, असा त्याचा अर्थ होत नाही. ओझे सोपे करण्यासाठी माणसाने युक्ती काढावी आणि युक्ती निघाली म्हणून ओझे वाढवावे, असे जगात फार वेळा झाले आहे. पुदुकोट्टैची बाई आणि झारखंडचा कोळसेवाला यांच्या सायकलीत फरक थोडाच आहे. एकीचे ओझे चाकाने हलके झाले, दुसऱ्याचे वाढले. फरक आहे तो कुणासाठी आणि किती, या प्रश्नांच्या उत्तरात.

म्हणून सुखाने ओझे नेणे ही चैन समजू नका. ‘आमच्या वेळी आम्ही असेच वाहिले’ असे म्हणणारे वडीलधारे घरोघर आहेत. त्यांचा मान ठेवून मी म्हणेन की, त्यांच्या पाठीला, गुडघ्यांना काय सोसावे लागले ते त्यांनाच विचारा. चुंबळ करणाऱ्या पहिल्या बाईने सुखाचाच विचार केला होता, आणि डनलॉपनेही.

जाता जाता शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेत कित्येक मुले-मुली सायकलने येतात. दप्तर पाठीला, डबा हँडलला आणि पाण्याची बाटली गळ्यात! केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात असे म्हटले आहे की, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. एक दिवस गावातल्या वाण्याचा काटा शाळेत मागून आणा. मुलांची वजने करा, दप्तरांची करा आणि शेकडेवारी मुलांनाच काढू द्या. मग बाहेर जाऊन त्यांच्या सायकली पाहा. पाठीवरचे दप्तर कॅरिअरवर आडवे घालून, जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने घट्ट बांधायला शिकवा. त्या पट्टीला पैसा पडत नाही. पंक्चरवाल्याकडे मागितली तर तो आनंदाने देतो. बंद लोंबता ठेवायचा नाही, तो आऱ्यांत जातो. हँडलला काही अडकवायचे नाही. टायरात हवा पुरती हवी आणि दोन्ही ब्रेक लागते हवेत, कारण ओझे असले की सायकल थांबायला जास्त जागा लागते. एवढे केले तर गणित, विज्ञान आणि इतिहास असे तीन तास एका अंगणात होतील.

आणि शेतकरीबंधूंनो, उद्या तुम्ही आकड्यात किटली अडकवाल किंवा कॅरिअरला पोते बांधाल, तेव्हा ते जरा हलवून पाहा. दोन्हीकडे सारखे आहे का? खाली आहे का? आसाच्या पुढे आहे का? घट्ट आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आली की खुशाल निघा. गोणी लादणाऱ्या वंजाऱ्यानेही निघण्यापूर्वी हेच पाहिले असेल.